मुलीच्या खेळास शिकवणी लावावी काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या शिक्षण निधीकडे दरवर्षी जे अर्ज येतात त्यांचे स्वरूप आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोणास वसतिगृहाचे शुल्क हवे असते, कोणास पुस्तके, कोणास परीक्षेची फी. यंदा मात्र एक अर्ज असा आला की, तो वाचून वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. अर्जदार आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ असून कापडाच्या दुकानात हिशेब लिहितात. त्यांची कन्या आठव्या इयत्तेत आहे, वय वर्षे १३. शाळेच्या सॉफ्टबॉलच्या संघात ती पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकण्याचे काम तिच्याकडे आहे. त्या कामाची तिला खासगी शिकवणी लावावयाची असून शिकविणाऱ्या गृहस्थांनी महिना २,००० रुपये सांगितले आहेत. त्यांपैकी निम्मी रक्कम मंडळाने द्यावी, अशी विनंती अर्जात होती.

एक सभासद म्हणाले, “गणिताची शिकवणी समजते, इंग्रजीची समजते, चेंडू फेकण्याची शिकवणी ही काय भानगड आहे?” दुसऱ्यांनी विचारले, “मुलीने चेंडू फेकून पुढे करावयाचे काय?” अखेरीस अध्यक्षांनी, “गुरुजी, तुम्ही सारा जन्म शाळेत घालविला, तुम्हीच याचा छडा लावा,” असे म्हणून हे काम आमच्या गळ्यात घातले. आम्ही क्रीडातज्ज्ञ नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले प्राथमिक शाळेतील मास्तर. आमची धाव लेझीम, लंगडी आणि खो-खो यांच्यापलीकडे गेली नाही. परंतु दोन महिने आम्ही संध्याकाळी मैदानाच्या कडेला जाऊन बसलो, शाळेच्या क्रीडाशिक्षकांशी बोललो, मुलीच्या आईवडिलांशी व स्वतः मुलीशी बोललो, आणि अमेरिकेत असलेल्या आमच्या पुतण्यासही दूरध्वनीवरून पुष्कळ छळले. त्यातून जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

या खेळाच्या नावात ‘सॉफ्ट’ हा शब्द आहे म्हणून कोणी फसू नये. १८८७ साली शिकागो शहरातील एका बोटक्लबात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी काही तरुण रिकामे बसले होते. त्यांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला, झाडूचा दांडा बॅट म्हणून घेतला, आणि जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थांनी त्या दंग्यास नियम घालून दिले. बेसबॉलचे हे घरात खेळावयाचे धाकटे भावंड पुढे अंगणात आले, आणि ‘सॉफ्टबॉल’ हे नाव त्यास १९२६ मध्ये मिळाले. आजचा चेंडू १२ इंच घेराचा व पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम वजनाचा असतो. आम्ही तो हातात घेऊन पाहिला. कच्च्या कवठाची आठवण झाली. दोन्ही बाजूंस नऊ-नऊ खेळाडू, सात डाव, आणि एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ६० फूट धाव, असा हा खेळ आहे. स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते. तिने तो खांद्याखालून टाकावयाचा असतो. त्यासाठी हात पवनचक्कीच्या पात्यासारखा पुरा एक फेरा घेऊन मांडीजवळून सुटतो. उत्तम पिचरचा चेंडू ताशी ६० मैलांहून अधिक वेगाने येतो, म्हणजे समोरच्या खेळाडूस विचार करावयास अर्धे सेकंदसुद्धा मिळत नाही.

हा खेळ आपल्याकडे परका राहिलेला नाही. जळगाव, अमरावती, नागपूर, पुणे या बाजूंच्या शाळांतून तो चांगला रुजला आहे, आणि १४, १७ व १९ वर्षांखालील मुलामुलींचे शालेय सामने होतात. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा सॉफ्टबॉल १९९६ पासून २००८ पर्यंत होता. नंतर तो वगळला गेला, टोकियोचे सामने २०२१ मध्ये झाले तेव्हा परत आला, २०२४ च्या पॅरिस येथे नव्हता, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा घेण्याचे ठरले आहे. हा लपंडाव सांगण्याचे कारण इतकेच की, ज्या पालकांच्या मनात ऑलिंपिकचा हिशेब असेल त्यांनी खेळाच्या या नशिबाकडेही पाहावे. आमच्या अर्जदारांच्या मनात तो नाही. त्यांना जिल्ह्याबाहेरचा एक सामना मुलीने खेळलेला पाहावयाचा आहे.

आता मुख्य मुद्दा. संघाचा सराव रोज होत असताना निराळी शिकवणी कशास? आम्हीही प्रथम हेच विचारले. क्रीडाशिक्षकांनी आम्हांस मैदानावर उभे करून दाखविले. त्यांच्या हाताखाली १८ मुली आणि वेळ दीड तास. चेंडू झेलणे, बॅटने मारणे, बेसवर धावणे, फेकलेला चेंडू नेमक्या जागी पोहोचविणे, या गोष्टी सर्व मुलींस एकत्र शिकविता येतात, किंबहुना त्या एकत्रच चांगल्या शिकता येतात. त्यांसाठी शिकवणी लावणे म्हणजे कवायतीसाठी घरी मास्तर ठेवण्यासारखे आहे. पिचरचे काम मात्र वेगळे आहे. पाऊल किती पुढे टाकावे, कंबर केव्हा वळवावी, मनगट कोणत्या क्षणी सोडावे, हे एकीला शिकवीत बसले तर १७ मुली उभ्या राहतात. क्रीडाशिक्षक स्पष्ट म्हणाले, “गुरुजी, मी तिला आठवड्यातून पंधरा मिनिटं देतो, आणि तीही चोरून देतो.” त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली तीही मोलाची होती. बाकीच्या आठ जणींपैकी एखादी चुकली तर एक चेंडू चुकतो. पिचर चुकली तर सामनाच सुरू होत नाही. सारा भार तिच्यावर असतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनो हिने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अमेरिकेस हरवून सुवर्णपदक मिळविले. तेरा वर्षांनी टोकियोच्या अंतिम सामन्यातही जपानकडून पहिला चेंडू तिनेच टाकला, आणि जपाननेच २-० असा विजय मिळविला.

तेव्हा आमचे पहिले मत असे की, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या प्रत्येक मुलीस शिकवणी नको. पिचरला असल्यास असावी. सरसकट उत्तर मागणाऱ्यांस हे रुचणार नाही, परंतु गणितातही आम्ही वर्गातील चाळीसही मुलांस शिकवणी लावा असे कधी म्हटले नाही.

मुलीशी झालेले बोलणे आम्ही आपणांस सांगितलेच पाहिजे, कारण आमचा निम्मा निर्णय तेथे झाला. आम्ही तिला विचारले, “बाळ, तुला शिकवणी कशाला हवी? जिंकायला?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “गुरुजी, जिंकायचं तर आहेच. पण माझे पहिले तीन डाव बॉल सरळ जातो आणि चौथ्यापासून आत वळायला लागतो. मी मुद्दाम वळवत नाही. तो का वळतो ते मला कळत नाही, आणि सरांना बघायला वेळ नसतो.” आम्ही अडतीस वर्षे मुलांसमोर उभे राहिलो. ज्या मुलास स्वतःची अडचण इतक्या नेमक्या शब्दांत मांडता येते त्यास शिकविणे म्हणजे पेरलेल्या शेतास पाणी देणे आहे. याच्या उलट, आमच्या आळीतील एका मुलास क्रिकेटच्या वर्गात घातले आहे. बॅट महागाची, पांढरा पोशाख, मोटारसायकलीवर वडिलांची रोजची फेरी. त्यास आम्ही विचारले, “काय शिकतोस?” तो म्हणाला, “बाबा सांगतात म्हणून जातो.” त्या वडिलांनी पैसे वाचवावेत हे बरे. ज्याच्यापाशी प्रश्न नाही त्यास उत्तर विकत आणून काय उपयोग?

कोणी म्हणेल, आचरेकर सरांसारखा गुरू मिळाला तर प्रश्न नसलेला मुलगाही घडेल. कै. रमाकांत आचरेकरांची गोष्ट घरोघरी सांगितली जाते: यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवावयाचे, गोलंदाजाने बाद केले तर नाणे त्याचे, नाही केले तर सचिनचे. परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू आपण विसरतो. आचरेकर त्या मुलास आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळावयास नेत असत. म्हणजे शिकवणी ही खेळण्याच्या बदली नव्हती, अधिक खेळण्यासाठी होती. जेथे शिकवणीमुळे मुलीचे सामने कमी होऊ लागतील तेथे ती त्याच दिवशी बंद करावी.

आता पैशाचे बोलू, कारण सभेत खरा खल त्याचाच झाला. महिना २,००० म्हणजे सहा महिन्यांचे १२,००० रुपये. हिशेब लिहिणाऱ्या माणसास ही रक्कम लहान नव्हे. पण येथे आम्हांस एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. याच गृहस्थांनी गेल्या वर्षी थोरल्या मुलाच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वर्गाचे ९०,००० रुपये पतपेढीचे कर्ज काढून भरले. त्या वेळी आपल्यापैकी कोणी त्यांस विचारले नाही की, मुलाने पुढे करावयाचे काय? त्याच्यापाशी प्रश्न आहे काय? तो मनाने जातो की बाबा सांगतात म्हणून? उलट आपण त्यांची पाठ थोपटली, आणि आपल्या निधीने पुस्तकांसाठी मदतही केली. मुलाच्या ९०,००० रुपयांस एक प्रश्न नाही आणि मुलीच्या १२,००० रुपयांस दहा प्रश्न, हा हिशेब आपल्या वहीत कोणत्या खात्यावर मांडावयाचा? प्रश्न विचारू नयेत असे आमचे म्हणणे नाही; आम्हीही दोन महिने तेच करीत आहोत. दोन्ही लेकरांच्या बाबतीत ते विचारावेत, इतकेच.

पुष्कळांच्या मनात खेळापासून होणाऱ्या लाभाची कल्पना धूसर असते, म्हणून तिची फोड करतो. आमचा पुतण्या न्यू जर्सीत राहतो. त्याच्या शेजारच्या मुली आठ-नऊ वर्षांच्या असल्यापासून पिचिंगची शिकवणी घेतात, आणि तेथे अर्ध्या तासाच्या हिशेबाने पैसे पडतात. तेथील पालकांच्या डोळ्यांपुढे महाविद्यालयाची शिष्यवृत्ती असते. परंतु तिचेही गणित बारकाईने पाहावे. कित्येक वर्षे तेथील वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन संघास फार तर १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम देता येत असे, आणि ती वीसेक मुलींत तुकडे करून वाटली जाई. २०२५ पासून तो नियम बदलला आहे. तरी संघात जागा त्या किती असणार? तेव्हा शिष्यवृत्तीच्या आशेने शिकवणीचा खर्च भरून निघेल असे धरून चालणे तेथेसुद्धा शहाणपणाचे नाही. येथे तर ती वाटच नाही. येथे शालान्त परीक्षेत ठराविक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांस वाढीव गुण मिळतात, आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. पण त्यासाठी कोणते खेळ, कोणत्या पातळीचे सामने व कोणते प्रमाणपत्र ग्राह्य धरावयाचे हे शासन ठरविते आणि वेळोवेळी बदलते. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन चालू नियम स्वतः वाचावा; कोणा मध्यस्थाच्या तोंडच्या शब्दावर एक पैसाही खर्चू नये. मुलगी खेळावयास निघाली आहे, नोकरीच्या रांगेत उभी राहिलेली नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे निराशा होत नाही.

शरीराचे म्हणाल तर, खांद्याखालून फेक असल्यामुळे कितीही चेंडू टाकले तरी इजा नाही, अशी समजूत पूर्वी होती. आता वैद्य तसे मानीत नाहीत. अति सरावाने पिचरच्या खांद्यास व दंडास दुखणे जडते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सल्ला दिला आहे की, मुलांनी एकाच खेळास पंधरा-सोळा वर्षांपर्यंत वाहून घेऊ नये, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, आणि वर्षातून सगळे मिळून तीन महिने आपल्या मुख्य खेळापासून दूर राहावे. ही मुलगी खो-खोही खेळते. आम्ही तिच्या वडिलांस बजावून सांगितले की, शिकवणी लावली म्हणून तो सोडावयास लावू नका.

शिकविणारा कसा पारखावा, हे गृहिणींनी आम्हांस आवर्जून विचारले होते. मुलीच्या आईने तर पहिल्याच भेटीत सांगितले, “अभ्यास मी बघते, गुरुजी. पण ग्राउंडवर तिला एकटी पाठवणार नाही.” हे अगदी योग्य आहे. शिकवणी उघड्या मैदानावर, दिवसाउजेडी व घरच्या माणसाच्या देखत व्हावी. जो शिक्षक पालकांस बसू देत नाही त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. टाकलेल्या चेंडूंची जो मोजणी ठेवतो तो जबाबदार समजावा. जो शाळेच्या क्रीडाशिक्षकास नावे ठेवितो तो मुलीस दोन होड्यांवर पाय ठेवावयास लावील. आणि पहिल्याच दिवशी जो वर्षाचे पैसे आगाऊ मागतो त्यास दुरून नमस्कार करावा. या मुलीसाठी ठरलेले गृहस्थ विद्यापीठाच्या संघातून खेळलेले आहेत. आम्ही त्यांची एक शिकवणी अथपासून इतिपर्यंत पाहिली. एका तासात त्यांनी तिला फार तर ४० चेंडू टाकू दिले, उरलेला वेळ नुसते पाऊल टाकावयास लावले. मुलगी कंटाळली, आम्हांस मात्र पाटीवर अक्षर गिरवून घेणारा मास्तर दिसला. चौथ्या डावापासून चेंडू आत का वळतो, याचे उत्तरही त्यांनी त्याच तासात काढले. ती दमली की तिचे पुढचे पाऊल आडवे पडू लागते, आणि पावलामागे कंबर व हात वळतात. यात चमत्कार काही नाही. कोणी तरी स्वस्थ बसून पाहणे जरूर होते.

परंतु आठवड्यातील एक तास मास्तराचा असला तरी बाकीचे सहा दिवस घरच्यांचे असतात. पुतण्या सांगतो की, तिकडे बाप उलट्या बादलीवर बसून मुलीचे चेंडू झेलीत असतो. आमच्या अर्जदारांनीही हे आरंभिले आहे. दुकान बंद करून आले की, घरामागील बोळात पाटावर बसून, हातात मोजा चढवून ते आठवड्यातून तीन दिवस तिचे चेंडू झेलतात. त्यांची दोन बोटे सुजलेली आम्ही पाहिली. जो बाप इतके करतो त्याचा अर्ज हौसेचा आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

समाजाने खेळाडूसाठी पैसा काढावा काय, या शंकेस आपल्याच महाराष्ट्रात मोठे उत्तर आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांस १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी लोकांनी वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक. मात्र ही गोष्ट सांगताना आम्ही एक सावधगिरी बाळगतो. खाशाबा त्याआधी १९४८ साली लंडनला जाऊन सहावे आले होते. खर्डीकरांनी पारखलेल्या माणसावर घर लावले. तेरा वर्षांच्या मुलीसाठी कोणी घर गहाण ठेवू नये, कर्जही काढू नये. घरखर्चाला धक्का न लावता जितके निघेल तितकेच तिच्यासाठी काढावे, आणि कमी पडेल ते मंडळाने द्यावे.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची सूचना अशी. मदत सहा महिन्यांपुरती द्यावी. दरमहा १,००० रुपये वडिलांचे व १,००० मंडळाचे. अट गुणांची किंवा विजयाची घालू नये, हजेरीची घालावी. सहा महिन्यांनी मुलीस पुन्हा विचारावे, आणि ती नको म्हणाली तर कोणीही तोंड वाकडे न करता शिकवणी थांबवावी.

एक गोष्ट राहिली, आणि ती मांडताना काहींच्या कपाळास आठ्या पडतील याची आम्हांस कल्पना आहे. पिचर एकटी शिकू शकत नाही. समोर बसून चेंडू झेलणारी कॅचर लागते; वडिलांची सुजलेली बोटे तिचे काम करू शकणार नाहीत. या संघाची कॅचर ही मुलीची वर्गमैत्रीण आहे. ती आपल्या ज्ञातीतील नव्हे. तिचे वडील रिक्षा चालवितात. शिकविणाऱ्या गृहस्थांनी दोघींस एकत्र बोलाविले असून दुसरीचे पैसे ते घेत नाहीत. मात्र तिच्यापाशी तोंडावरची जाळी, छातीचे कवच व पायांचे पट्टे नाहीत. शाळेतील संच एकच असून त्याचे बंद तुटले आहेत. त्यावाचून तिला त्या वेगाच्या चेंडूसमोर बसविणे आम्हांस धोक्याचे वाटते. आपल्या निधीचा नियम ज्ञातीतील विद्यार्थ्यांपुरता आहे, आणि तो आम्ही मोडावयास सांगत नाही. हा संच मंडळाने सुमारे ६,००० रुपयांस विकत घ्यावा, मंडळाच्या साहित्य वहीत मंडळाच्या नावे चढवावा, आणि सरावास वापरावयास द्यावा. तो कोणाच्या अंगावर चढतो हे वहीत लिहावयाचा रकाना नाही. चिटणीसांशी आम्ही बोललो आहोत. त्यांनी दुकानदाराचे दरपत्रक मागविले आहे आणि ते पुढील रविवारच्या बैठकीत येईल.